पिवळ्या कोअरचे मधले मीटर : केबल इन्सुलेशनच्या चाचणीच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

परत आलेली केबल आज दुपारी टेम्पोतून उतरवली. साडेतीन कोअर (म्हणजे इन्सुलेशन चढवलेल्या तीन पूर्ण तारा आणि एक बारीक), १२० चौरस मिलिमीटर, अॅल्युमिनियम, आर्मर्ड (धातूच्या कवचाची), १.१ केव्ही, एक्सएलपीई म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनचं इन्सुलेशन. आमच्याच कारखान्यात जुलै २०२३ मध्ये बनलेली. नदीकाठच्या एका उपसा सिंचन योजनेत नोव्हेंबरमध्ये टाकली आणि मे महिन्यात फॉल्ट गेली. योजनेच्या लोकांनी दुसरी केबल ओढून ही जवळजवळ अख्खी परत पाठवली आहे. शीथवरच्या मीटर-खुणांप्रमाणे ६० पासून ३७० पर्यंतचा तुकडा आहे. फॉल्ट २३१ च्या खुणेवर.

विक्री विभागाच्या पत्रात एकच ओळ आहे : 'जादा भार टाकल्याने केबल तापली.' योजनेच्या पत्रात लिहिलंय की पंपाचा भार मंजुरीइतकाच होता आणि अकरा दिवस ऊस पाण्याविना राहिला. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आहेत. दोघांपैकी कुणाचं बरोबर हे मला आधी ठरवायचं नाही, केबललाच विचारायचं आहे.

१२ जून

२३१ वर केबल उघडली. जळालेली जागा सुमारे तळहाताएवढी. लाल आणि पिवळी कोअर एकमेकींत वितळून गेल्या आहेत, त्या जागेवरून काहीच कळणार नाही. खरी खूण तिथून अर्ध्या मीटरवर सापडली. पिवळ्या कोअरचा आडवा काप घेतला तर तार मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली. इन्सुलेशनची जाडी हवी १.२ मिलिमीटर. एका बाजूला ती ०.३ आणि समोरच्या बाजूला २ च्या आसपास. त्याच जागी लाल आणि निळ्या कोअरमधली तार मात्र मधोमध. त्यांच्या इन्सुलेशनला काहीही झालेलं नाही.

हे मला फार बोलकं वाटलं. जादा भाराने केबल तापली असती तर तिन्ही फेज तापल्या असत्या. पंप तीन फेजवर चालतो, करंट तिन्हीत सारखाच.

दुपारी हॉट सेट लावला. नंतर कुणी वाचेल म्हणून सविस्तर लिहून ठेवते. इन्सुलेशनची डंबेल आकाराची पट्टी कापायची, मध्ये २० मिलिमीटरच्या दोन खुणा करायच्या, तिला २०० अंशांच्या ओव्हनमध्ये टांगायचं आणि खाली वजन लावायचं. वजन दर चौरस सेंटिमीटरला २० न्यूटन. माझी पट्टी ४ मिलिमीटर रुंद आणि गुळगुळीत केल्यावर १.१ मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण ९० ग्रॅम. पंधरा मिनिटांनी खुणांमधलं अंतर मोजायचं. लांबी १७५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये आणि वजन काढून थंड केल्यावर कायमची वाढ १५ टक्क्यांच्या आत हवी. साधं पॉलिथिलीन २०० अंशांना मधासारखं ओघळतं. क्रॉसलिंकिंग झालेलं असेल तर त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, ते वितळतं पण वाहत नाही, रबरासारखं लोंबकळत राहतं.

लाल कोअर : ८५ टक्के, पास. निळी : ९० टक्के, पास. पिवळी : तिसऱ्या मिनिटाला पट्टी तुटून वजन ओव्हनच्या तळावर. दुसरी पट्टी लावली, तीही तशीच. काचेतून पाहत होते, अक्षरशः धार लागल्यासारखी लांबत गेली.

१४ जून

रॅकवरून या ड्रमचा राखून ठेवलेला नमुना काढला. प्रत्येक ड्रमचा एक मीटर तुकडा आम्ही ठेवतो. त्यातली पिवळी कोअर : ९५ टक्के, पास. पाठवणीच्या वेळच्या अहवालातही पासच आहे, १०५ टक्के.

साहेब म्हणाले, 'म्हणजे आपला माल बरोबर होता, साइटवर काहीतरी झालं.' मला ते पटलं नाही, पण आज हातात उत्तर नव्हतं. एकदा बांधली गेलेली साखळी तापल्याने सुटत नाही. फार तर इन्सुलेशन जळेल, काळं पडेल, कडक होईल. परत साधं पॉलिथिलीन कसं होईल? पिवळ्या कोअरचा रंग छान पिवळाच आहे, वास नाही, चीर नाही.

मग राखलेला नमुना आणि २३१ मीटरवरची केबल एकाच ड्रमची असून वेगळी कशी? राखलेला नमुना ड्रमच्या टोकाचा असतो. टोक म्हणजे अख्खा ड्रम नव्हे. हे वाक्य वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

१९ जून

अभियांत्रिकी महाविद्यालयात डीएससी यंत्र मिळालं, आठवड्यातून दोन दिवस. या यंत्रात पाच-सहा मिलिग्रॅमचा कण छोट्या अॅल्युमिनियमच्या वाटीत ठेवून ठरलेल्या गतीने तापवतात आणि तो किती उष्णता पितो किंवा सोडतो ते मोजतात. आधी इंडियम घालून यंत्र तपासलं : वितळण्याची सुरुवात १५६.६ अंश, उष्णता ग्रॅममागे २८.४ ज्यूल. यंत्र ठीक आहे.

आजच्या सहा वाट्या मात्र वाया गेल्या आणि चूक माझी. पावसाळी हवा म्हणून नमुने ओलसर असतील या विचाराने मी ते काल रात्रभर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले होते. आज सगळ्या आलेखांत ६६-६७ अंशांपाशी एक छोटा, नेमका खड्डा. लालमध्ये, पिवळ्यात, राखलेल्या नमुन्यात, सगळीकडे. आधी वाटलं की हा केबलच्या आयुष्याचा काही पुरावा आहे. मग लक्षात आलं की हा माझ्याच ओव्हनचा ठसा आहे.

पॉलिथिलीनला तापमान आठवतं. एखाद्या तापमानाला ते काही तास राहिलं की त्या तापमानाला तग धरणारे स्फटिक जाड होतात, खालचे विरघळून पुन्हा जमतात. पुढे यंत्रात तापवलं की त्या तापमानाच्या पाच-सात अंश वर एक खांदा किंवा छोटा खड्डा उमटतो. ही आठवण फक्त पहिल्या तापवणीत दिसते. एकदा पूर्ण वितळलं की पाटी कोरी. म्हणून पहिली तापवणी परत मिळत नाही आणि नमुना कापताना, ठेवताना, पुसताना त्याला ऊब लागू द्यायची नाही. ब्लेड दर कापाला थंड करायचं. ओव्हन नाहीच.

२१ जून

नवीन नमुने, थंड ब्लेडने, थेट केबलमधून. नायट्रोजनमध्ये मिनिटाला १० अंश.

मुख्य वितळबिंदू : लाल १०५ अंश, पिवळी १०७. वितळण्याची उष्णता : लाल ग्रॅममागे ११२ ज्यूल, पिवळी ११९. पूर्ण स्फटिकी पॉलिथिलीनची २९३ धरली तर स्फटिकता ३८ आणि ४१ टक्के. क्रॉसलिंकिंगमुळे साखळ्यांना नीट रचून बसता येत नाही, म्हणून बांधलेल्या इन्सुलेशनचा वितळबिंदू थोडा कमी यावा हे बरोबरच आहे. पण दोन अंशांच्या फरकावर मी कुणाला दोषी ठरवणार नाही. त्याच कोअरच्या बाहेरच्या आणि आतल्या थरातही एवढा फरक पडतो.

प्रयोगशाळेतल्या ट्रेनी मुलाने विचारलं, 'मॅडम, १८० पुढे तो उंचवटा शोधायचा ना?' तो उच्च दाबाच्या केबलवर शिकलेला. तिथे क्रॉसलिंकिंग पेरॉक्साइडने होतं, आणि ते अर्धवट राहिलं तर न वापरलेलं पेरॉक्साइड डीएससीत १८०-१९० अंशांच्या आसपास फुटून उष्णता सोडतं. त्या उंचवट्याच्या क्षेत्रफळावरून किती काम राहून गेलं ते कळतं. आमची केबल सिलेनची. इथे साखळ्यांना आधी सिलेनची टोकं चिकटवलेली असतात, मग पाणी आणि कॅटॅलिस्ट (क्रियेला वेग देणारा पदार्थ) मिळून ती टोकं एकमेकींना बांधतात. काम राहिलं तरी डीएससीत कसलाही उंचवटा येत नाही. पेरॉक्साइडची सवय घेऊन सिलेनचा आलेख वाचला तर सगळं काही ठीकच दिसेल.

आता खांद्यांकडे. लाल आणि पिवळी दोन्हींत ८९-९० अंशांपाशी एक स्पष्ट खांदा आहे. हा आमच्या गरम पाण्याच्या टाकीचा. एक्स्ट्रूजननंतर, म्हणजे तारेवर वितळलेलं इन्सुलेशन चढवल्यावर, कोअर ८५ अंशांच्या पाण्यात ठेवतो, तोच ठसा. म्हणजे पिवळी कोअर टाकीत गेली होती, ती विसरली गेली नव्हती. राखलेल्या नमुन्यातही हाच खांदा आहे, त्याच्याखाली दुसरं काही नाही. परत आलेल्या केबलमध्ये मात्र आणखी एक लहान खड्डा आहे : २३१ पासून दोन मीटरवर ८० अंशांपाशी, ३५० मीटरवर ६८ पाशी. हा शेतातल्या सहा महिन्यांचा.

हे वाचून मी बराच वेळ आलेखासमोर बसून होते. टाकीचा ९० चा खांदा शाबूत आहे, म्हणजे वापरात इन्सुलेशन टाकीपेक्षा जास्त तापलंच नाही. तापलं असतं तर तो खांदा पुसून वरच्या तापमानाचा नवा उमटला असता. सर्वात गरम जागीसुद्धा अंदाजे ७५ अंश. या केबलची तार कायम ९० अंशांवर चालावी असं आपणच लिहून देतो, शॉर्ट सर्किटच्या क्षणी २५० पर्यंत. नव्वदला टिकायची ती पंचाहत्तरला सरकली.

जादा भाराचा मुद्दा माझ्यापुरता आज संपला.

२६ जून

मग पिवळी कोअर बांधली का गेली नाही? शक्यता तीन. एक, लाइन बदलताना सफाईसाठी घातलेलं साधं पॉलिथिलीन कोअरमध्ये गेलं. दोन, मूळ दाण्यावर सिलेनच नीट चिकटलेलं नव्हतं. तीन, कॅटॅलिस्ट कमी पडला.

आमच्या पद्धतीत दोन प्रकारचे दाणे मिसळतात : सिलेन चिकटवलेला मूळ दाणा ९५ भाग आणि कॅटॅलिस्ट मास्टरबॅच, म्हणजे कॅटॅलिस्ट ठासून भरलेला दाणा, ५ भाग. मास्टरबॅच डोझर नावाच्या यंत्रातून मापून पडतं. मास्टरबॅचच्या डब्यावरचा मजकूर वाचताना एक गोष्ट डोळ्यांसमोर आली जी इतकी वर्षं समोरच होती. अँटिऑक्सिडंट, म्हणजे इन्सुलेशनला ऑक्सिजनपासून वाचवणारा पदार्थ, तोही त्याच मास्टरबॅचमध्ये असतो. मूळ दाण्यात ते फारसं घालता येत नाही, सिलेन चिकटवणाऱ्या पेरॉक्साइडच्या कामात ते आड येतं. म्हणजे जिथे कॅटॅलिस्ट नाही तिथे अँटिऑक्सिडंटही नाही. आणि अँटिऑक्सिडंट मोजायला डीएससी उत्तम आहे.

ती चाचणी म्हणजे ओआयटी. उघड्या वाटीतला नमुना नायट्रोजनमध्ये २०० अंशांवर न्यायचा, स्थिर करायचा, मग नायट्रोजन बंद करून ऑक्सिजन सोडायचा आणि घड्याळ लावायचं. अँटिऑक्सिडंट असेपर्यंत रेषा सपाट राहते. ते संपलं की ऑक्सिडेशन भडकतं आणि रेषा उसळते. तेवढी मिनिटं म्हणजे ओआयटी.

आज दोनच नमुने झाले, दोन्ही २२० मीटरच्या खुणेवरचे. लाल : ३५ मिनिटं. पिवळी : ३ मिनिटं.

शंका एकच : पिवळ्यातलं अँटिऑक्सिडंट वापरात खर्ची पडलं असेल का? पण लाल आणि पिवळी एकाच जागी, एकाच उष्णतेत, एकमेकींना टेकून होत्या. लाल अजून ३५ वर आहे. तारही अॅल्युमिनियमची आहे. तांब्याची असती तर तांब्याने ऑक्सिडेशन वाढवल्याची शंका धरावी लागली असती.

४ जुलै

चार दिवस यंत्राशेजारी काढले. पिवळ्या कोअरचे दर २० मीटरला एक असे १६ नमुने. एका नमुन्याला तापवणं, थांबणं, थंड करणं धरून तासाहून जास्त. महाविद्यालयातल्या प्राध्यापक मॅडमनी सुट्टीतही किल्ली दिली, त्यांचे आभार इथेच लिहिते.

ओआयटी मिनिटांत, मीटरच्या खुणेप्रमाणे :

६० ला ३६, ८० ला ३५, १०० ला ३६, १२० ला ३३, १४० ला २४, १६० ला १३, १८० ला ६, २०० ला ४, २२० ला ३, २४० ला ३, २६० ला ४, २८० ला ९, ३०० ला २१, ३२० ला ३०, ३४० ला ३४, ३६० ला ३५.

कागदावर काढलं तर दरी दिसते. एका बाजूने उतरती, तळ सपाट, दुसऱ्या बाजूने चढती. सफाईचं पॉलिथिलीन घुसलं असतं तर ते कोअरच्या सुरुवातीला आलं असतं, असं मध्ये नाही. आणि मूळ दाणाच खराब असता तर बॅग संपेपर्यंत सगळं खराब आलं असतं. हा उतार-चढाव एक्स्ट्रूडरच्या पोटातला आहे. मास्टरबॅच येणं थांबलं तरी स्क्रूमध्ये आधीचा मिश्रण माल काही काळ पुरतो, म्हणून हळूहळू उतरतं. परत सुरू झालं तरी हळूहळूच चढतं. लाइनची गती मिनिटाला ४० मीटर होती. १२० पासून ३२० पर्यंत दोनशे मीटर, म्हणजे पाच मिनिटं. तीन-साडेतीन मिनिटं मास्टरबॅच पडलंच नाही.

हॉट सेटही त्याच खुणांवर लावला. १४० वर ११५ टक्के, पास. १६० वर नापास. १८० ते २८० सगळ्या पट्ट्या तुटल्या. ३०० वर १३० टक्के, पास. दोन्ही चाचण्या एकच दरी दाखवतात.

टीएमए दोन नमुन्यांवर केलं. सुईवर हलका दाब ठेवून तापवत न्यायचं. ६० मीटरचा नमुना ११० अंशांनंतर थोडा दबून सपाट राहिला. २२० चा नमुना त्याच तापमानाला कोसळला, सुई वाटीच्या तळाला लागली. उकळत्या झायलिनमध्ये जेलचं, म्हणजे न विरघळता उरलेल्या बांधलेल्या भागाचं, प्रमाण : ६० ला ६८ टक्के, २२० ला ५.

९ जुलै

जुलै २०२३ चं शिफ्ट रजिस्टर काढलं. त्या दिवशी दुसरी शिफ्ट, पिवळी कोअर, ड्रम क्रमांक जुळतो. नोंद : 'लाइन सुरळीत. स्पार्क टेस्ट ओके.' एवढंच.

स्पार्क टेस्ट, म्हणजे लाइनवरच कोअरला जादा व्होल्टेज लावून इन्सुलेशनमधलं भोक शोधायची चाचणी, ओकेच येणार. तयार केबलवरची ३ केव्हीची पाच मिनिटांची चाचणीही ओकेच आली होती. न बांधलेलं पॉलिथिलीन थंड असताना विजेला तितकंच उत्तम अडवतं. विजेच्या कुठल्याही नेहमीच्या चाचणीला ही चूक दिसत नाही. ती दिसते फक्त गरम केल्यावर आणि गरम आपण फक्त टोकांना करतो.

त्या शिफ्टचे ऑपरेटर मामा अजून लाइनवरच आहेत, निवृत्तीला दोन वर्षं. त्यांना चौकशी वाटू नये म्हणून चहाच्या वेळी गेले. दरीचा आलेख दाखवला. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, 'ताई, पावसाळ्यात ते बारकं दाणं वलं हुतं. डोझरच्या तोंडाशी चिकटून बसतं. वर डबा भरल्याला दिसतो, खाली काय पडत न्हाई. आमी काठीनं ढोसतो, की परत चालू.'

मी विचारलं, 'मग रजिस्टरमध्ये का नाही लिहिलंत, मामा?'

'लिवणार कुठं? तसा रकानाच न्हाई त्यात.'

खरंच नाही. आज मी रजिस्टर चाळून पाहिलं. गती आहे, व्यास आहे, तापमानाचे आठ रकाने आहेत. डोझर थांबला तर लिहायला जागा नाही. ज्या माणसाने काठी घालून लाइन चालू ठेवली त्याने आपलं काम प्रामाणिकपणे केलं. दोष ठरवणाऱ्या कागदावर मी त्यांचं नाव घालणार नाही आणि कुणी घातलं तर त्याला विरोध करीन.

१२ जुलै

साइटवर जाऊन आले. नदी भरून वाहतेय, जॅकवेलपर्यंत जाता आलं नाही. पण हवी होती ती जागा दिसली. २३१ ची खूण रस्त्याखालच्या ह्यूम पाईपच्या तोंडाशी येते. तिथे केबल चरातून वर उचलून वळवलेली आहे. पाईपमध्ये माती नाही, कोंडलेली हवा, म्हणून उष्णता बाहेर पडायला वाट नाही. ८० अंशांचा खड्डा तिथेच का होता ते कळलं. मऊ इन्सुलेशन, वळण आणि ऊब एकत्र आली. सहा महिने तार हळूहळू आतल्या बाजूला रुतत गेली असणार.

मऊ कोअर १६० पासून २८० च्या पुढेपर्यंत होती, पण फॉल्ट गेला एकाच जागी. बाकी ठिकाणी तार थोडीफारच सरकली आहे, मी पाच काप घेऊन पाहिले. वळण नसतं तर ही केबल कदाचित आणखी दोन उन्हाळे चालली असती आणि मग गेली असती.

पंपाजवळ बसणाऱ्या गृहस्थांनी फॉल्टच्या रात्रीचं सांगितलं. मोठा आवाज झाला, ते तीस पावलांवर होते. पाईपच्या तोंडाशी मुलं दिवसा खेळतात.

१६ जुलै

शेवटची शंका मिटवायची होती : २२० मीटरवरच्या मालावर सिलेन आहे की नाही. त्या पिवळ्या कोअरच्या पट्ट्या तीन गटांत वाटल्या. पहिला गट नुसत्या ९० अंशांच्या पाण्यात २४ तास. दुसरा गट आधी टिन कॅटॅलिस्टच्या द्रावणात भिजवून, मग तसाच पाण्यात. तिसरा गट म्हणजे साध्या पॉलिथिलीनच्या पट्ट्या, दुसऱ्याप्रमाणेच कॅटॅलिस्ट आणि पाणी. हातमोजे, फ्यूम हूड. हा टिनचा पदार्थ विषारी आहे, हे सोबतच्या मुलाला दोनदा सांगितलं.

आज हॉट सेट. पहिला गट : तुटला. तिसरा : वितळून पडला. दुसरा : १२० टक्के, थंड झाल्यावर कायमची वाढ ५ टक्के. पास.

सिलेन जागेवर होतं. वर्षभर, त्यातले सहा महिने जमिनीत, ते कॅटॅलिस्टची वाट पाहत पडून होतं. ओव्हनच्या काचेतून ती पट्टी लोंबकळत राहिलेली पाहून डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही. पाच आठवडे एवढंच पाहायचं होतं.

८ ऑगस्ट

मधल्या तीन आठवड्यांत एक बाजूचा प्रयोग झाला. राखलेल्या नमुन्यांवर माझा विश्वास उडालाय, त्याचं कारण फक्त टोक एवढंच नाही. सिलेनची केबल हवेतल्या ओलीनेही बांधली जात राहते, टाकी नसली तरी. मग वर्षाने रॅकवरून काढलेला तुकडा पाठवणीच्या दिवसाबद्दल काय सांगणार?

१८ जुलैला लाइनवरून ताजी कोअर घेतली, टाकीत न घालता. काही तुकडे उघड्या रॅकवर, काही सिलिका जेलसह सीलबंद पिशवीत. हॉट सेट :

पहिला दिवस : दोन्ही तुटले.
सातवा : रॅकवरचा १७५ च्या वर, नापास. सीलबंद तुटला.
चौदावा : रॅकवरचा १५० टक्के, पास. सीलबंद तुटला.
एकविसावा, म्हणजे आज : रॅकवरचा ९५ टक्के. सीलबंद अजून नापास.

आमच्या पावसाळ्यात १.२ मिलिमीटरचं इन्सुलेशन नुसत्या हवेने दोन आठवड्यांत पास होतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत याहून बराच वेळ लागेल, तो प्रयोग पुढच्या उन्हाळ्यात करायचा आहे. कॅटॅलिस्ट असलेला पण टाकीत कमी वेळ राहिलेला माल रॅकवर बसून आपोआप पास होतो. तक्रार येईपर्यंत पुरावा स्वतःला दुरुस्त करून बसलेला असतो. आजपासून राखलेले नमुने सीलबंद, सिलिका जेलसह. पिशवीवर तारीख आणि तास.

१३ ऑगस्ट

अहवाल दिला. साहेबांनी पूर्ण वाचला, दोन प्रश्न विचारले आणि योजनेला लिहायच्या पत्रातून 'जादा भार' हे शब्द स्वतः खोडले. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, सोपं नव्हतं.

ठरलेले बदल : मास्टरबॅच डोझरच्या आधी सुकवणारा हॉपर, दाणे पडणं थांबलं की लाइन थांबवणारा सेन्सर, रजिस्टरमध्ये रकाना. रकान्याचं नाव मामांनी सुचवलं तेच ठेवलं : 'दाणा अडला, वेळ'. सेन्सर यायला महिना लागेल. तोवर दर अर्ध्या तासाला हाताने तपासणी.

ओआयटी रोज करायला आपल्याकडे यंत्र नाही आणि प्रत्येक मीटरला करता येणारही नाही. पण टोकांच्या हॉट सेटने जे सुटतं ते पकडायला डोझरचं वजन मिनिटामिनिटाला नोंदवणं पुरेसं आहे, ते तासाभराच्या डीएससीपेक्षा कितीतरी स्वस्त.

२० ऑगस्ट

त्या शिफ्टमध्ये पिवळ्या कोअरचे एकूण तीन ड्रम झाले होते. एक हा. दुसरा गोदामातच आहे. काल तो पूर्ण उलगडून दर २० मीटरला तपासला : ओआयटी सगळीकडे ३३ ते ३६, हॉट सेट पास. त्याला काही झालेलं नाही.

तिसरा मार्चमध्ये गेला आहे, एका गावाच्या पाणीपुरवठा योजनेसाठी. तिथल्या अभियंत्यांशी दुपारी फोनवर बोलले. केबल टाकून झाली आहे, पंप अजून जोडलेला नाही, गणपतीच्या आधी पाणी सुरू करायचा त्यांचा विचार आहे. त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, 'या तुम्ही. तोवर आम्ही जोडत नाही.'

चर भरलेला आहे, पूर्ण उकरता येणार नाही. टोकांचे नमुने आणि वळणांवरच्या तीन जागा उघडायच्या. तिथली पिवळी कोअर कापून ओआयटीला आणायची आणि कापलेल्या जागी जोड देऊन यायचं. जॉइंट किट, थंड बर्फपेटी, ब्लेडं, सीलबंद पिशव्या गाडीत ठेवल्या. मामा सोबत येतायत, त्यांनी स्वतःच विचारलं. सकाळी सहाला निघायचं.